फिश टँकचा हीटर : निवड, मोजमाप आणि वापरातील दक्षता

वास्कोहून निघणारी गोवा एक्स्प्रेस मनमाड, भुसावळ, इटारसी असा प्रवास करीत भोपाळला पोहोचते, तेव्हा जानेवारीच्या दिवसांत गोमंतकीय प्रवाशाला हवेतील फरक फलाटावर उतरताक्षणीच जाणवतो. पणजीत जानेवारीचे सरासरी किमान तापमान २० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर, माळव्याच्या पठारावर वसलेल्या भोपाळमध्ये ते १० ते ११ अंशांपर्यंत उतरते. माणूस अंगावर स्वेटर चढवतो, खिडक्या लावून घेतो. दिवाणखान्यातील काचेच्या टाकीत पोहणाऱ्या माशाला मात्र हे दोन्ही उपाय उपलब्ध नसतात. त्याच्यासाठी ऋतू म्हणजे पाण्याचे तापमान, आणि ते राखण्याची जबाबदारी सर्वस्वी पाळणाऱ्याची.

भोपाळला घरगुती मत्स्यपालनाची आवड नवी नाही. एकेकाळी माशाच्या आकाराची ‘मछलीघर’ ही इमारतच या तलावांच्या शहराची एक ओळख होती. नोकरीनिमित्त तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही फिश टँक सहज दिसतो. हिवाळ्यात या टाक्यांसाठी हीटर घ्यावा लागतो, आणि तो बहुतेकदा दुकानदार देईल तो, घाईघाईने घेतला जातो. त्यातून दोन प्रकारचे अपघात संभवतात. हीटर प्रमाणापेक्षा मोठा किंवा सदोष असेल तर मासे उकडून मरतात. आणि विजेची जोडणी निष्काळजीपणे केलेली असेल तर धोका माशांपुरता मर्यादित राहत नाही. म्हणून हीटर निवडताना ‘किती गरम करील’ यापेक्षा ‘बिघडला तर काय होईल’ हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. भोपाळच्या थंडीचे उदाहरण समोर ठेवून या प्रश्नाचा विचार केल्यास गोव्यातील वाचकालाही आपल्या टाकीसंबंधी निर्णय घेणे सोपे जाईल.

माशाला उष्णता का लागते?

मासा हा शीतरक्ताचा प्राणी. आपल्या शरीराचे तापमान तो स्वतः राखू शकत नाही. भोवतालच्या पाण्याचे तापमान तेच त्याच्या शरीराचे तापमान. पाणी थंड झाले की त्याचे पचन, श्वसन, हालचाल आणि रोगप्रतिकार या साऱ्याच क्रिया मंदावतात. नेहमीइतके अन्न टाकले तरी ते पचत नाही, तळाशी कुजते आणि पाणी नासते. थंडीच्या दिवसांत मासे तळाशी निश्चल बसणे, पर मिटून घेणे, अन्नाकडे पाठ फिरवणे ही लक्षणे दिसतात ती यामुळेच.

थंडीच्या पाठोपाठ बहुधा रोग येतो. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उमटणारा ‘व्हाइट स्पॉट’ हा एका सूक्ष्म परजीवीमुळे होणारा रोग, तापमान अचानक घसरून मासे दुर्बळ झाले की हटकून डोके वर काढतो. येथे ‘अचानक’ हा शब्द महत्त्वाचा आहे. २३ अंशांच्या स्थिर पाण्यात सुखाने राहणारा मासा, दिवसा २६ आणि पहाटे १८ अशा हेलकाव्यात आजारी पडतो. भोपाळच्या जानेवारीत दिवसाचे आणि रात्रीचे तापमान यांत सुमारे १४-१५ अंशांचे अंतर असते. मोठ्या तलावाला हा हेलकावा जाणवत नाही. दोन फुटी टाकीला तो लगेच जाणवतो. हीटरचे खरे काम पाणी ऊन करणे हे नसून त्याची स्थिरता राखणे हे आहे.

अति उष्णताही तितकीच घातक. पाणी जितके गरम, तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. २० अंशांना एका लिटर पाण्यात साधारण ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांना तो ७.६ मिलिग्रॅमवर येतो. नेमकी याच वेळी माशाची प्राणवायूची गरज वाढलेली असते. त्यामुळे बिघडलेल्या हीटरच्या टाकीत मासे आधी पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतात.

हीटर सर्वांनाच हवा काय?

हीटर घेण्यापूर्वी आपल्या टाकीत कोणते मासे आहेत हे पाहावे. गोल्डफिश हा थंड पाण्याचा मासा. १८ ते २२ अंशांत तो उत्तम राहतो. त्याच्या टाकीत साधारणपणे हीटरची गरज नसते. मूळ भारतीय असलेला झेब्रा डॅनियोही १८ ते २५ अंशांचा टप्पा सहज सोसतो. केरळ व दक्षिण कर्नाटकातील सह्याद्रीच्या वाहत्या ओढ्यांतला डेनिसन बार्ब तर गरम पाण्यानेच अधिक त्रासतो.

गप्पी, मोली आणि प्लॅटी यांना २२ ते २८ अंश, टेट्राच्या बहुतेक जातींना २२ ते २६ अंश, एंजल आणि गौरामी यांना २४ ते २८ अंश, फायटर अथवा बेटा या माशाला २५ ते २८ अंश, तर डिस्कस या नाजूक माशाला २८ ते ३० अंश तापमान मानवते. या आकड्यांवरून आणखी एक गोष्ट लक्षात यावी. गोल्डफिश आणि डिस्कस यांना एका टाकीत ठेवून दोघांनाही सुखी करील असा हीटर अस्तित्वात नाही. ज्या माशांच्या तापमानाच्या मर्यादा एकमेकींत मिसळतात, असेच मासे एकत्र ठेवावेत. मिश्र टाकीसाठी २५ अंश हा बहुतेकांना चालणारा मध्य.

यानंतर टाकीचे प्रत्यक्ष तापमान मोजावे. पहिली खरेदी हीटरची नसून थर्मामीटरची असावी. आठवडाभर पहाटे आणि दुपारी पाण्याचे तापमान वहीत टिपून ठेवले की निर्णय आपोआप होतो. पहाटेचा आकडा माशांच्या मर्यादेत असेल आणि दिवसभराचा हेलकावा दोन-तीन अंशांच्या आत असेल, तर हीटरवर पैसे खर्चण्याचे कारण नाही. थर्मामीटर खरा की खोटा हे तपासण्याची युक्ती सोपी आहे : बर्फाचा चुरा आणि थोडे पाणी एका पेल्यात ढवळून त्यात तो बुडवावा, काही मिनिटांनी त्याने शून्याजवळचा आकडा दाखवला पाहिजे.

किती वॅटचा हीटर?

‘एका लिटरला एक वॅट’ हा दुकानांतून सांगितला जाणारा ठोकताळा सर्वस्वी चुकीचा नाही. परंतु तो खोलीची थंडी आणि टाकीचा आकार या दोन्ही गोष्टी विचारात घेत नाही. टाकीतली उष्णता निसटते ती काचेतून आणि पृष्ठभागावरून. म्हणून हिशेब लिटरपेक्षा पृष्ठफळावर करणे अधिक सयुक्तिक.

त्यासाठी एक सोपा नियम वापरता येतो. काचेच्या आणि झाकलेल्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस फुटामागे, पाणी व खोली यांच्या तापमानातील प्रत्येक अंशाला सुमारे अर्धा वॅट उष्णता बाहेर जाते. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी नेहमीची टाकी घेऊ. तिच्या चार बाजू मिळून सहा चौरस फूट आणि वरचा भाग दोन चौरस फूट, म्हणजे एकूण आठ. एका अंशामागे चार वॅट. भोपाळच्या घरात पहाटे खोलीचे तापमान १५ अंश आहे आणि पाणी २५ अंशांवर ठेवायचे आहे असे समजू. फरक दहा अंशांचा. म्हणजे अखंड ४० वॅट उष्णता पुरवली तरच पाणी २५ वर टिकेल. हीटर सतत चालू राहू नये, त्याला विश्रांती मिळावी, म्हणून हा आकडा दुप्पट करून जवळची क्षमता निवडावी. येथे ती १०० वॅट येते.

आता चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीचा हिशेब. पृष्ठफळ साडेबावीस चौरस फूट, एका अंशामागे सव्वाअकरा वॅट, दहा अंशांना सुमारे ११२ वॅट. दुप्पट केल्यास २२५. म्हणजे शंभर-सव्वाशे वॅटचे दोन हीटर पुरेसे. या टाकीतील पाणी पहिल्या टाकीच्या साडेचार पट, पण लागणारी उष्णता जेमतेम पावणेतीन पट. लहान टाकी दर लिटरमागे अधिक उष्णता गमावते, आणि म्हणूनच नवशिक्याने घेतलेली लहान टाकी थंडीत सांभाळण्यास अवघड जाते.

हाच हिशेब गोव्याला लावून पाहावा. जानेवारीच्या पहाटे घरातील हवा २२ अंश असली, तर त्याच दोन फुटी टाकीला २५ अंश राखण्यासाठी केवळ १२ वॅट लागतात. तेथे २५ वॅटचा हीटर पुरतो. शंभर वॅटचा हीटर ‘असू दे जास्तीचा’ म्हणून घेणे ही बचत नव्हे. तो धोका विकत घेणे आहे, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

सर्वांत स्वस्त हीटर : झाकण

पाण्याची वाफ होताना ती आपल्याबरोबर बरीच उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाणी हवेत उडून जाते तेव्हा टाकीतून सुमारे ६८० वॅट-तास ऊर्जा निघून गेलेली असते. उघड्या टाकीतून दिवसाला एक लिटर पाणी कमी होत असेल, तर अहोरात्र चालणारा २८ वॅटचा हीटर केवळ या वाफेसाठी खर्ची पडतो. काचेचे किंवा ॲक्रिलिकचे झाकण बसवले की हा अपव्यय बहुतांशी थांबतो. हवेसाठी थोडी फट ठेवावी, इतकेच.

टाकीच्या तळाखाली आणि मागील बाजूस थर्मोकोलचा जाड पत्रा लावणे हा दुसरा बिनखर्ची उपाय. टाकी खिडकीजवळ, बाहेरच्या भिंतीला लागून किंवा दाराच्या वाऱ्यात ठेवू नये. पंप आणि दिवे यांची वीजही शेवटी उष्णतेच्या रूपाने बव्हंशी पाण्यातच उतरते, हेही हिशेबात धरावे. हे सारे केल्यावर अनेकदा लहान हीटरवर काम भागते.

हीटरचे प्रकार

बाजारात सर्वाधिक दिसतो तो काचेच्या नळीतील, पूर्ण बुडणारा हीटर. नळीत तारेचे वेटोळे आणि वर तापमान ठरवण्याची चकती असते. आतील थर्मोस्टॅट बहुधा दोन धातूंच्या जोडपट्टीचा असतो. गरम झाल्यावर पट्टी वाकते व विद्युतप्रवाह तुटतो, थंड झाल्यावर पुन्हा जुळतो. हा प्रकार स्वस्त आणि दीर्घ परिचयाचा आहे. मात्र काच फुटू शकते आणि चकतीवरील आकडे दोन-तीन अंशांनी चुकू शकतात.

दुसरा प्रकार प्लास्टिकच्या किंवा धातूच्या आवरणातील, इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेला. तो फुटत नाही आणि तापमान अधिक काटेकोरपणे राखतो. टायटॅनियमच्या आवरणाचे हीटर खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी उपयुक्त, कारण त्यांना गंज चढत नाही. पण बाहेरून धातू असल्याने त्यांना अर्थिंग असलीच पाहिजे. तिसरा प्रकार ठरावीक तापमानाच्या लहान हीटरचा. त्यात तापमान बदलण्याची सोय नसते; फायटरच्या छोट्या टाकीपुरता तो ठीक.

खरेदी करताना वॅट आणि व्होल्ट ठळकपणे छापलेले आहेत काय, किती खोलीपर्यंत बुडवता येतो याची खूण आहे काय, पाणी कमी झाल्यास आपोआप बंद होण्याची सोय आहे काय, तार जाड रबरी असून जोडाविना अखंड आहे काय, हे पाहावे. आपला वीजपुरवठा २३० व्होल्टचा. ११० व्होल्टचा परदेशी हीटर त्याला जोडता येत नाही. मत्स्यालयातील विद्युत उपकरणांसाठी आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानक आहे. त्याचा क्रमांक ६०३३५-२-५५. वेष्टनावर त्याचा उल्लेख असलेला हीटर निनावी मालापेक्षा श्रेयस्कर.

येथे एक कठोर इशारा आवश्यक आहे. उत्तरेकडील थंडीत बादलीतले पाणी तापवण्याचा रॉड घरोघरी असतो. तो टाकीत कधीही घालू नये. त्यात थर्मोस्टॅट नसतो आणि त्याची क्षमता हजार-दीड हजार वॅटची असते. दोन फुटी टाकीतील ५० लिटर पाणी दीड हजार वॅटचा रॉड अर्ध्या तासात सुमारे १३ अंशांनी तापवतो. फोनवर बोलण्यात पंधरा-वीस मिनिटे गेली तरी टाकीतील जीवसृष्टी संपू शकते. आणि आवरणाला चीर गेलेली असल्यास पाण्यात हात घालणाऱ्याच्या जिवावर बेतते.

थर्मोस्टॅट अडकला तर?

प्रत्येक हीटर कधी ना कधी बिघडतो. बिघाड दोन तऱ्हेचा असतो. एक म्हणजे तो बंद पडणे. दुसरा, थर्मोस्टॅटची टोके एकमेकांना चिकटून तो अखंड चालू राहणे. पहिल्या प्रकारात पाणी हळूहळू थंड होते आणि लक्ष असेल तर सावरायला वेळ मिळतो. दुसरा प्रकार खरा घातक.

वरचाच नियम येथे उलट वापरावा. दोन फुटी टाकी एका अंशामागे चार वॅट गमावते. त्यात १०० वॅटचा हीटर अडकून चालू राहिला, तर पाणी खोलीपेक्षा २५ अंशांनी वर जाईपर्यंत तापत राहील. खोली १५ अंश असेल तर ४०, २० असेल तर ४५. त्याच टाकीत ३०० वॅटचा हीटर असल्यास तो पाणी सहन होण्यापलीकडे, तेही काही तासांत, नेऊन सोडेल. ५० वॅटचा हीटर अडकला तर वाढ साडेबारा अंशांची. भोपाळच्या पहाटे तो पाणी साडेसत्तावीसपर्यंतच नेऊ शकतो, मासे वाचतात.

म्हणून १०० वॅटच्या एका हीटरऐवजी ५० वॅटचे दोन वापरणे शहाणपणाचे. एक अडकला तरी तो एकटा पाणी फारसे तापवू शकत नाही, आणि एक बंद पडला तरी दुसरा निम्मा भार उचलतो. दोन्ही टाकीच्या दोन टोकांना ठेवल्यास उष्णताही सारखी पसरते. मोठ्या किंवा मौल्यवान माशांच्या टाकीसाठी वेगळा तापमान-नियंत्रक घ्यावा. हीटरची पिन या नियंत्रकात बसते आणि त्याचा स्वतंत्र संवेदक पाण्यात राहतो. हीटर २५ अंशांवर आणि नियंत्रक २७ अंशांवर लावला की आतील थर्मोस्टॅट अडकला तरी बाहेरचा वीज तोडतो. एका कुलपाला दुसऱ्या कुलपाची जोड, असा हा प्रकार.

पाणी आणि वीज

माशांपेक्षा महत्त्वाचा प्रश्न घरातील माणसांच्या सुरक्षिततेचा. घरातील एमसीबी प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला तरच तुटतो; त्यासाठी कित्येक अँपिअर लागतात. माणसाचे हृदय थांबवण्यास मात्र काही दशक मिलिअँपिअर पुरतात. त्यामुळे एमसीबी आहे म्हणून आपण सुरक्षित आहोत, हा समज घातक आहे. ज्या सॉकेटवर फिश टँक चालतो, त्याच्या मार्गावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असलाच पाहिजे. गळती होताच तो क्षणार्धात वीज तोडतो. त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. जुन्या घरांतून अर्थिंग नावापुरतीच असते. परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडून ती तपासून घ्यावी. टाकीचा स्टँड किंवा वरचे छत लोखंडी असेल तर तेही अर्थिंगला जोडून घ्यावे.

हीटरची तार सॉकेटकडे सरळ ताणून नेऊ नये. ती आधी सॉकेटच्या पातळीखाली झोळासारखी लोंबू द्यावी आणि मग वर चढवावी. तारेवरून ओघळणारा पाण्याचा थेंब झोळाच्या तळाशी गळून पडतो, सॉकेटपर्यंत पोहोचत नाही. एक्स्टेन्शन बोर्ड टाकीच्या खाली, जमिनीवर ठेवू नये. तो बाजूच्या भिंतीवर उंच बसवावा. तीन पिनांच्या हीटरची अर्थपिन काढून टाकणे, तार तोडून चिकटपट्टीने जोडणे, ओल्या हाताने पिन ओढणे या गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात.

टाकीत हात घालण्यापूर्वी हीटर, पंप, दिवे ही सर्व उपकरणे बटण बंद करून पिन काढून वेगळी करावीत; केवळ हीटर बंद करणे पुरेसे नाही. पाण्याला हात लागताच मुंग्या आल्यासारखे वाटले, तर ‘थोडासा करंट’ म्हणून दुर्लक्ष करू नये. हात काढून घ्यावा, मेन स्विच बंद करावा आणि दोष सापडेपर्यंत टाकीला वीज देऊ नये. टेस्टर किंवा बोट पाण्यात घालून परीक्षा पाहणे हा वेडेपणा होय. नळी फुटलेली दिसली तरी हाच क्रम : आधी मेन स्विच, मग पिन, त्यानंतरच पाणी. कुणाला धक्का बसून तो टाकीला चिकटला असेल, तर त्याला स्पर्श न करता प्रथम वीज तोडावी आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास थांबला असल्यास ती येईपर्यंत छातीवर दाब देण्याचे प्रथमोपचार सुरू ठेवावेत. घरातील मुलांनाही मेन स्विच कोठे आहे हे दाखवून ठेवावे.

बसवण्याची रीत

नवा हीटर थेट माशांच्या टाकीत घालण्याऐवजी आधी प्लास्टिकच्या बादलीत पाणी घेऊन, थर्मामीटर लावून, एक दिवस चालवून पाहावा. ठरवलेल्या तापमानाला तो बंद होतो काय, हे त्यातून कळते. या चाचणीच्या काळात पाण्याला हात लावू नये आणि बादली मुलांच्या वाटेत ठेवू नये.

टाकीत बसवताना हीटर रबरी चूषकांनी काचेला घट्ट लावावा. वाळूत खुपसू नये. फिल्टरमधून पाणी जेथे बाहेर पडते त्या प्रवाहाजवळ तो तिरपा किंवा आडवा बसवला की गरम पाणी सर्वत्र पसरते. पाण्याची पातळी खूणरेषेच्या वर असावी. थर्मामीटर हीटरपासून दूरच्या टोकाला लावावा. हीटर पाण्यात ठेवून पंधरा-वीस मिनिटे थांबावे, काच पाण्याच्या तापमानाला येऊ द्यावी आणि मगच वीज सुरू करावी. तापमान दिवसाला एक-दोन अंशांपेक्षा अधिक वाढवू नये. चकतीवरील आकड्यापेक्षा थर्मामीटरवर विश्वास ठेवावा. ऑस्करसारखे धसमुसळे मासे किंवा कासव पाळले असल्यास हीटरला जाळीचे संरक्षक आवरण घालावे.

पाणी बदलताना

सर्वाधिक हीटर फुटतात ते पाणी बदलताना. पातळी खाली गेल्यावर चालू हीटरची नळी हवेत उघडी पडते, क्षणात भयंकर तापते आणि गार पाणी पडताच तडकते. म्हणून वीज बंद करून पंधरा-वीस मिनिटे थांबल्यावरच पाणी काढण्यास सुरुवात करावी आणि पूर्ण पातळी भरल्यानंतरच पुन्हा चालू करावा.

भोपाळमध्ये शहराच्या काही भागाला बड्या तलावाचे, काही भागाला नर्मदेचे पाणी मिळते. नळाचे पाणी निर्जंतुकीकरणासाठी क्लोरिन मिसळलेले असते. ते टाकीत घालण्यापूर्वी क्लोरिन काढावाच लागतो. हिवाळ्यात गच्चीवरील टाकीतून येणारे हे पाणी बर्फासारखे लागते. २५ अंशांच्या टाकीतील चौथा हिस्सा पाणी काढून १३ अंशांचे पाणी ओतले, तर एकूण तापमान एकदम तीन अंशांनी घसरते. बादलीत थोडे गरम पाणी मिसळून, थर्मामीटरने मोजून, एका अंशाच्या फरकात आणल्यावरच ते घालावे.

वीज गेली तर

दोन फुटी टाकीतले पाणी २५ अंश आणि खोली १५ अंश असताना वीज गेली, तर पहिल्या तासात पाणी सुमारे ०.७ अंश आणि सहा तासांत तीन अंशांहून थोडे अधिक उतरते. चार फुटी टाकीत ही घट दोन अंशांच्या आसपास राहते. म्हणजे तास-दोन तासांच्या खंडाने घाबरून जाण्याचे कारण नाही. टाकीभोवती घोंगडी किंवा जाड चादर गुंडाळावी. वरची हवेची फट मोकळी ठेवावी. खंड लांबला तर झाकण घट्ट लावलेल्या बाटल्यांत गरम पाणी भरून त्या टाकीत तरंगत ठेवाव्यात. गरम पाणी थेट टाकीत ओतू नये. अन्न टाकू नये. पचन मंदावलेले असते. इन्व्हर्टर असल्यास त्यावर हीटरपेक्षा हवेचा पंप आधी चालवावा, कारण गर्दीच्या टाकीत मासे थंडीपेक्षा लवकर प्राणवायूअभावी दगावतात.

देखभाल आणि ऋतुबदल

जड पाण्यामुळे नळीवर चुन्याचा पांढरा थर बसतो. त्यामुळे उष्णता पाण्यात नीट उतरत नाही आणि नळी आतून जास्त तापते. महिन्या-दोन महिन्यांनी वीज तोडून, नळी निवाल्यावर, व्हिनेगरने पुसून साध्या पाण्याने धुवावी. नळीच्या आत बाष्प दिसले, तार कडक झाली, चकती सैल झाली किंवा तापमान दोनदा सांगण्यावाचून भरकटले, तर तो हीटर दुरुस्त करत न बसता टाकून द्यावा. चांगला चालणारा हीटरही दोन-तीन हिवाळ्यांनंतर बदलणे हिताचे. त्याची किंमत माशांच्या किमतीहून बहुधा कमीच असते.

थंडी सरली की हीटरचे काम संपते. भोपाळमध्ये मे महिन्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. तेव्हा टाकीला प्रश्न पडतो तो पाणी थंड ठेवण्याचा. गोव्यात मार्चपासूनच हीच स्थिती असते. अशा काळात ‘आपोआप बंदच राहील’ या भरवशावर हीटर जोडून ठेवू नये. दोन फुटी टाकीत, ३१ अंशांच्या खोलीत, केवळ २५ वॅटचा हीटर अडकला तरी पाणी ३७ अंशांच्या पुढे जाते. पिन काढावी, हीटर धुऊन कोरडा करावा आणि कापडात गुंडाळून ठेवावा.

गोव्यात हीटरची खरी गरज थोड्यांनाच लागते : डिस्कस पाळणारे, आजारी माशांसाठी वेगळी टाकी ठेवणारे, आणि किनाऱ्यापासून दूर, सत्तरी-सांग्यासारख्या डोंगराळ भागात राहणारे. इतरांना थर्मामीटर आणि झाकण पुरते. आरसीसीबी मात्र हीटर असो वा नसो, प्रत्येक फिश टँकला हवाच. पावसाळ्यातील दमट भिंती आणि पंपाची जुनी तार यांना ऋतूचा अपवाद नसतो. रोज सकाळी अन्न टाकताना थर्मामीटरकडे एक नजर टाकण्याची सवय लावून घ्यावी. अडकलेला हीटर दोन फुटी टाकी धोक्याच्या पातळीपर्यंत तापवण्यास काही तास घेतो, आणि तेवढ्या अवधीत पडलेली एक नजर माशांचे प्राण वाचवू शकते.